पाहणारी वेगळी, मोजणारे वेगळे : गडचिरोलीच्या नवजात बाळांच्या प्रयोगाचा प्रकरण अभ्यास

१९९५-९६ या वर्षात गडचिरोली जिल्ह्यातल्या ३९ गावांमधल्या काही बायकांना ‘सर्च’ या संस्थेने एक अवघड काम सांगितले होते. गावात कुणाला कळा सुरू झाल्या की त्या घरी जायचे, बाळ जन्मताना तिथे हजर राहायचे, आणि पुढच्या अठ्ठावीस दिवसांत आणखी आठ वेळा जाऊन बाळाचे वजन, अंगाचा ताप किंवा गारठा, श्वास, रडणे, दूध ओढणे, नाळ आणि कातडी पाहून ते सारे छापील फॉर्मवर लिहायचे. या बायका त्याच गावच्या होत्या, पाचवी ते दहावीच्या दरम्यान शिकलेल्या होत्या, आणि त्यांना आरोग्यदूत म्हटले जाई. बाळ आजारी वाटले तर घरच्यांना ‘दवाखान्यात न्या’ असे सांगणे त्यांच्या कामात बसत होते; नवजात बाळाच्या सेप्सिसवर, म्हणजे रक्तात पसरलेल्या जंतुसंसर्गावर, स्वतः औषध देणे मात्र त्या वर्षी त्यांच्या कामात बसत नव्हते.

वर्षअखेर ७६३ बाळांच्या नोंदी हाती आल्या. त्यांपैकी ९५ टक्के बाळे घरीच जन्मलेली होती. ५४.४ टक्के बाळांची अवस्था अशी होती की त्यांना कुठली ना कुठली वैद्यकीय मदत मिळायला हवी होती. प्रत्यक्षात डॉक्टरने पाहिलेली बाळे २.६ टक्के निघाली आणि रुग्णालयात दाखल झालेली ०.४ टक्के, म्हणजे साडेसातशेवर बाळांपैकी जेमतेम तीन. ‘दवाखान्यात न्या’ हा सल्ला वर्षभर दिला गेला आणि जवळजवळ कुणीच तो पाळू शकले नाही, असा या आकड्यांचा अर्थ होतो. अंतर, पैसा, पावसाळ्यात बंद पडणारे रस्ते, ओल्या बाळंतिणीने घराबाहेर न पडण्याची रीत, आणि ‘तान्ह्या बाळाला डॉक्टर काय करणार’ हा सार्वत्रिक समज, ही त्याची कारणे या भागात राहिलेल्या कुणालाही सांगता येतील.

सामाजिक धोरणावर संशोधन करणाऱ्या प्रादेशिक संस्थांविषयी आपल्याकडे जे लिहिले जाते ते बहुतेक संस्थापकांविषयी असते, नाहीतर अहवालाच्या निष्कर्षांविषयी. फॉर्म घेऊन उंबऱ्यात उभे राहणारे माणूस या दोन्हींच्या मधल्या जागेत हरवते. वर सांगितलेले वर्ष आणि त्यानंतरची दोन वर्षे हे प्रकरण मी प्रशिक्षणाच्या वर्गात वारंवार वापरतो, ते याच कारणासाठी. एखाद्या संशोधनाचा आराखडा कागदावर कितीही नेटका असला तरी त्याचा भार शेवटी कुणाच्या खांद्यावर पडतो, आणि तो भार पेलता यावा म्हणून संस्थेला कामाची वाटणी कशी करावी लागते, हे इथे जितके स्वच्छ दिसते तितके मला दुसरीकडे क्वचितच दिसले आहे.

संस्था आणि तिने आधी केलेले काम

गडचिरोली हा जिल्हा १९८२ मध्ये चंद्रपूरमधून वेगळा काढण्यात आला. डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग या दांपत्याने अमेरिकेतल्या जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठात सार्वजनिक आरोग्याचे शिक्षण घेतल्यानंतर १९८६ मध्ये इथे ‘सर्च’ ही संस्था सुरू केली. संस्थेच्या नावात शिक्षण, कृती आणि संशोधन असे तिन्ही शब्द आहेत. नावात तिन्ही शब्द घालणे सोपे असते, पण एकाच माणसाने एकाच वेळी तिन्ही करायला घेतले की काय गुंतागुंत होते याचा प्रत्यय संस्थेला पुढे आलाच.

पहिला मोठा अभ्यास वसा आणि अमिर्झा या दोन गावांतल्या ६५० स्त्रियांचा होता. त्यांपैकी ९२ टक्के स्त्रियांना स्त्रीरोगांपैकी काही ना काही होते, आणि पूर्वी कधीतरी तपासणी झालेल्या स्त्रिया फक्त ८ टक्के होत्या. हा निबंध १९८९ मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात आला आणि जगभर वाचला गेला. आपल्या प्रकरणाच्या दृष्टीने मात्र त्यातली एक साधी गोष्ट महत्त्वाची आहे. ज्या तक्रारी बायका नवऱ्यालाही सांगत नाहीत त्या तपासू देण्याइतका विश्वास दोन गावांनी टाकला, आणि असा विश्वास प्रश्नावली चांगली छापली म्हणून मिळत नसतो.

त्यानंतर लहान मुलांच्या न्यूमोनियाचे काम झाले. श्वास मोजून न्यूमोनिया ओळखायचा आणि तोंडाने द्यायचे औषध गावातच द्यायचे, अशी त्यामागची कल्पना होती. ५८ गावांत हे काम निमवैद्यकीय कर्मचारी, गावातले आरोग्य कार्यकर्ते आणि सुइणी यांच्यामार्फत करण्यात आले. त्यांनी हाताळलेल्या ६१२ रुग्णांत मृत्यूचे प्रमाण ०.८ टक्के राहिले. शेजारच्या ज्या गावांत ही सोय नव्हती तिथे ते १३.५ टक्के होते. या कामात एक अडचण अशी होती की अनेक सुइणींना लिहिता-वाचता येत नव्हते आणि पन्नास-साठपर्यंत सलग मोजणेही जमत नव्हते. त्यावर एक मण्यांची पाटी तयार करण्यात आली. पाटीवर एक मिनिटाचे वाळूचे घड्याळ आणि मण्यांच्या दोन ओळी असत, एक दोन महिन्यांच्या आतल्या बाळांसाठी आणि दुसरी त्यांहून मोठ्या मुलांसाठी. दहा श्वास झाले की एक मणी सरकवायचा. वाळू संपायच्या आत शेवटचा लाल मणी सरकवावा लागला तर न्यूमोनिया समजायचा. दहापर्यंत मोजता येणे एवढीच पात्रता त्याला पुरत होती.

या पाटीचे कौतुक सहसा ‘स्वस्त आणि कल्पक साधन’ म्हणून होते, पण मला त्यात निराळेच काही दिसते. पाटी बनवणाऱ्यांनी सुईणबाईला गणित शिकवण्याचा अट्टाहास धरला नाही. तिला जे येते त्याच्या मापाने काम बेतले. १९९५ मध्ये नवजात बाळांकडे वळताना संस्थेच्या हाती ही एक सवय आधीच होती, आणि पुढचे बरेचसे यश त्या सवयीचे आहे असे माझे मत आहे.

वर्षभर नुसते पाहणे

न्यूमोनियाने होणारे मृत्यू कमी झाल्यावर उरलेल्या अर्भकमृत्यूंपैकी, म्हणजे एक वर्षाच्या आतल्या बाळांच्या मृत्यूंपैकी, बहुतेक पहिल्या महिन्यातले आहेत हे दिसू लागले. त्या वेळचे नवजात बालकांविषयीचे वैद्यकीय ज्ञान मुख्यतः रुग्णालयातून आलेले होते, आणि रुग्णालयात पोचणारी बाळे मुळातच थोडी व निवडक होती. मातीच्या घरात, बाळंतिणीच्या खाटेशेजारी जन्मणाऱ्या शंभर बाळांपैकी किती, कोणत्या दिवशी, कशाने आजारी पडतात याचा गावपातळीवरचा सलग तपशील जवळजवळ नव्हताच. ३९ गावांत प्रयोग करायचा आणि ४७ गावे तुलनेसाठी ठेवायची, असा आराखडा ठरला. १९९३ ते १९९५ ही दोन वर्षे दोन्हीकडचे जन्म-मृत्यू नुसते नोंदवले गेले. त्या काळात नवजात मृत्युदर प्रयोगाच्या गावांत हजार जिवंत जन्मांमागे ६२ आणि तुलनेच्या गावांत ५८ होता. गावांची निवड चिठ्ठ्या टाकून झालेली नव्हती, त्यामुळे सुरुवातीचे हे साम्य दाखवता येणे पुढच्या सगळ्या युक्तिवादासाठी आवश्यक होते.

यानंतरचे, १९९५-९६ चे, निरीक्षणाचे वर्ष हा या प्रकरणाचा सगळ्यांत बोचरा भाग आहे. कोणत्या चिन्हांवरून सेप्सिस ओळखायचा हेच पक्के माहीत नसताना पाचवी-सातवी शिकलेल्या बाईच्या हाती तान्ह्या बाळासाठी इंजेक्शन देणे बेजबाबदार ठरले असते, हा संस्थेच्या बाजूचा युक्तिवाद मला पटतो. तरीही पटणे आणि सुखाने पटणे यांत फरक आहे. तक्त्यात टक्केवारी येते. ज्या घरी काल बाळ गेले त्याच घरावरून आरोग्यदूताला आज पाण्याला जावे लागते, हे तक्त्यात येत नाही. बाहेरून माहिती गोळा करायला आलेला अन्वेषक अभ्यास संपला की जीपमध्ये बसून निघून जातो, आणि गावातल्याच बाईला नेमण्याचे जे फायदे आपण एरवी मोजतो त्यांची किंमत ही अशी असते. वर्गात हे प्रकरण मांडले की निम्मे विद्यार्थी इथे थांबतात आणि ‘मग एक वर्ष तरी का थांबायचे?’ असे विचारतात. मी त्यांना उत्तर देत नाही, त्या वर्षाने काय दिले ते दाखवतो.

आरोग्यदूताने निदान करायचे नव्हते, ही त्या वर्षाची पहिली शिस्त होती. बाळ सुस्त आहे, अंग गार आहे, छाती आत ओढली जाते आहे, एवढेच तिने लिहायचे; त्यावरून आजाराचे नाव ठरवण्याचे काम नंतर संगणकावरचा कार्यक्रम करी, आणि तिच्या निरीक्षणांचा एक नमुना डॉक्टर स्वतः जाऊन पडताळत असे. यामुळे दोन गोष्टी साधल्या. एक म्हणजे तिच्यावर ‘तू चुकलीस’ असा ठपका ठेवण्याची सोय राहिली नाही, कारण तिने फक्त पाहिलेले लिहिले होते. दुसरी अशी की, आजाराचे नाव आधी डोक्यात धरून त्याला साजेशी चिन्हे फॉर्मवर उतरवण्याचा जो मोह शिकलेल्या माणसाला हमखास होतो, त्याला इथे वावच नव्हता.

दुसरी मिळकत अधिक मोलाची होती. या नोंदींच्या आधाराने पुढे जे निकष पक्के होऊन प्रसिद्ध झाले, त्यांत सात चिन्हे आहेत आणि त्यांपैकी कोणतीही दोन एकाच वेळी दिसली तर सेप्सिस समजून उपचार करायचे आहेत : आधी नीट असलेले रडणे मंदावले किंवा थांबले, आधी नीट असलेले दूध ओढणे मंदावले किंवा थांबले, बाळ सुस्त किंवा बेशुद्ध झाले, अंग ९९ अंश फॅरनहाइटपेक्षा गरम किंवा ९५ पेक्षा गार लागले, कातडीवर किंवा नाळेत पू झाला, जुलाब, थांबत नसलेली उलटी किंवा पोटफुगी झाली, कण्हणे सुरू झाले किंवा छाती जोराने आत ओढली जाऊ लागली.

या यादीतला ‘आधी’ हा शब्द वाचताना सहज निसटतो. रडणे मंद आहे की नाही हे कुठलाही डॉक्टर पाहून सांगेल. ते मंदावले आहे की नाही हे मात्र ज्याने परवा तेच बाळ रडताना ऐकले आहे त्यालाच सांगता येते. म्हणजे निकषातच आरोग्यदूताची आठवण गृहीत धरलेली आहे. तिच्या आठ फेऱ्या, तिचे गावातच राहणे, तिने जन्माच्या वेळी तिथे असणे, हे सोयीचे मुद्दे राहत नाहीत. त्यांच्याशिवाय पहिली दोन चिन्हे वापरताच येत नाहीत. एखाद्या तज्ज्ञाने शहरात बसून यादी केली असती तर त्यात हा शब्द आला असता का, याची मला शंका आहे.

सुई हातात देणे

१९९६ पासून आरोग्यदूतांनी सेप्सिसवर घरीच उपचार सुरू केले. तोंडाने द्यायचे औषध आणि जेंटामायसिन या प्रतिजैविकाची इंजेक्शने असे त्याचे स्वरूप होते, आणि ते घरच्यांच्या संमतीनेच द्यायचे होते. जोडीला जन्मल्यावर न रडणाऱ्या बाळाला नळी-मुखवट्याने श्वास देणे, कमी वजनाच्या बाळाला उबदार पिशवीत ठेवणे, आईला दूध पाजण्यास मदत करणे हेही होतेच. त्यांच्या पिशवीत तापमापी, झोळीचा वजनकाटा, मनगटी घड्याळ आणि तीच ती मण्यांची पाटी असे. दर पंधरवड्याला पर्यवेक्षक गावात येऊन नोंदी आणि औषधांचा साठा तपासत असे.

डॉक्टर नसलेल्या व्यक्तीने इंजेक्शन द्यावे का, यावर वैद्यकीय व्यवसायातून आक्षेप येणे स्वाभाविक होते, आणि ते आक्षेप केवळ धंद्याच्या काळजीपोटी होते असे म्हणणे अन्यायाचे होईल. जेंटामायसिनचा डोस चुकला तर मूत्रपिंडाला आणि कानांना अपाय होऊ शकतो. प्रश्न असा होता की ज्या गावात डॉक्टर नाहीच, तिथे ‘डॉक्टरनेच द्यावे’ या वाक्याचा अर्थ ‘कुणीच देऊ नये’ असा होतो की नाही. निरीक्षणाच्या वर्षातला, रुग्णालयात दाखल झालेल्या बाळांचा ०.४ टक्के हा आकडा इथे कामी आला. तो आकडा नसता तर हा वाद मतामतांचाच राहिला असता.

परिणाम डिसेंबर १९९९ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये प्रसिद्ध झाले. तिसऱ्या वर्षी, म्हणजे १९९७-९८ मध्ये, ९३ टक्के नवजात बाळांपर्यंत घरची सेवा पोचली होती. प्रयोगाच्या गावांतला नवजात मृत्युदर हजारी २५.५ वर आला; तुलनेच्या गावांशी ताडून पाहता ही घट ६२.२ टक्के होती. अर्भकमृत्युदर ३८.८ झाला. उपचार सुरू होण्यापूर्वीच्या सेप्सिसच्या १६३ प्रकरणांत मृत्यूचे प्रमाण १६.६ टक्के होते. आरोग्यदूतांनी उपचार केलेल्या ७१ प्रकरणांत ते २.८ टक्के राहिले. एका बाळामागे खर्च ५.३ डॉलर आला, आणि सेवा मिळालेल्या दर १८ बाळांमागे एक मृत्यू टळला.

प्रकरण अभ्यासात कौतुकाच्या जोडीला जरा खरवडूनही पाहिले पाहिजे. ७१ प्रकरणांतले २.८ टक्के म्हणजे दोन मृत्यू. एवढ्या लहान संख्येत दोनाचे चार झाले असते तरी टक्केवारी दुप्पट झाली असती. संस्थेनेच पुढे १९९६ ते २००३ या सात वर्षांचा हिशेब मांडला तेव्हा उपचार मिळालेल्या बाळांतले मृत्यूचे प्रमाण ६.९ टक्के आले. पहिल्या आकड्याच्या मानाने ते अडीच पट आहे, आणि तरीही १६.६ च्या निम्म्याहून कमी आहे. आपलाच उजळ आकडा आपणच मंद करून छापणे हे संशोधन संस्थेच्या प्रकृतीचे चांगले लक्षण आहे, असे मी मानतो.

मोजणारे कोण होते

आता या लेखाच्या शीर्षकाकडे येतो. ‘लॅन्सेट’च्या निबंधात पद्धतीविषयी जे लिहिले आहे त्यात एक छोटे वाक्य आहे, ज्याचा आशय असा : दोन्ही भागांतले सर्व जन्म आणि मृत्यू इतर कार्यकर्त्यांनी नोंदवले. म्हणजे ज्या बाईने बाळाला औषध दिले तिने बाळ जगले की गेले याचा अंतिम हिशेब ठेवायचा नव्हता. जन्म-मृत्यूची नोंद वेगळी माणसे ठेवत, आणि ती प्रयोगाच्या ३९ आणि तुलनेच्या ४७ अशा दोन्हीकडच्या गावांत एकाच पद्धतीने ठेवली जाई. हा तपशील नसता तर ६२.२ टक्क्यांना फारसा अर्थ उरला नसता, कारण मृत्यू कमी झाले की मृत्यू लिहिणे कमी झाले, हे कुणालाच सांगता आले नसते.

हा भेद किती नाजूक असतो हे मी एका संस्थेत पाहिले आहे. तिचे नाव इथे महत्त्वाचे नाही. घरोघरच्या एका पाहणीचे फॉर्म तपासताना एका टप्प्यावर मला असे दिसले की एका अन्वेषकाच्या गठ्ठ्यातली बहुतेक वये शून्यावर किंवा पाचावर संपत होती, आणि प्रत्येक घरातली माणसे अगदी शिस्तीत दोन-तीन वर्षांच्या अंतराने जन्मलेली होती. चौकशीअंती कळले की ग्रामपंचायतीच्या ओट्यावर बसून, शिपायाला विचारून, दोन दिवसांचे काम एका दुपारी उरकले होते. त्याच्यावर कारवाई झाली. परंतु त्याला घरामागे पैसे मिळत होते, दिवसाला किती घरे व्हायला हवीत याचा आकडा वरून आला होता, आणि त्याचे फॉर्म तपासणाऱ्या पर्यवेक्षकाचेही पैसे त्याच आकड्यावर अवलंबून होते; या तिन्ही गोष्टी ठरवणारे आम्ही होतो. त्याने खोटे लिहिले हे खरेच आहे. ते खरे लिहिण्यापेक्षा त्याला स्वस्त पडेल अशी व्यवस्था आम्ही करून ठेवली होती, हेही तितकेच खरे आहे.

सर्चच्या आराखड्यात मला दिसणारी जाण ही इथली आहे. आरोग्यदूत प्रामाणिक आहेत की नाहीत हा प्रश्न त्यांनी आराखड्यात येऊच दिला नाही. जिने बाळाला वाचवण्याचा प्रयत्न केला तिला ‘बाळ गेले’ असे लिहिणे जड जाते, याला अप्रामाणिकपणा म्हणता येत नाही. ते माणसाचे मन आहे. त्या मनावर विश्वास ठेवायचा आणि तरीही मोजणी दुसऱ्याकडे द्यायची, यात तिचा अपमान नाही, उलट तिच्यावरचे एक ओझे उतरवणे आहे.

प्रयोगातून योजनेकडे

मोजणीच्या या शिस्तीला पुढे राज्यपातळीवर एक वेगळा उपयोग सापडला. महाराष्ट्रातल्या तेरा स्वयंसेवी संस्थांनी एकत्र येऊन आपापल्या भागातले बालमृत्यू दोन वर्षे याच धर्तीवर नोंदवले आणि २००१ मध्ये ‘कोवळी पानगळ’ हा अहवाल मांडला. राज्यात दरवर्षी होणारे बालमृत्यू पावणेदोन लाखांच्या आसपास असावेत आणि सरकारी यंत्रणेच्या नोंदीत त्यांतला फार थोडा भाग येतो, असा त्याचा निष्कर्ष होता. विधिमंडळात आणि वर्तमानपत्रांत त्यावर बराच गदारोळ झाला. सरकारने पुढे बालमृत्यू मूल्यमापन समिती नेमली ती डॉ. अभय बंग यांच्याच अध्यक्षतेखाली, आणि २००५ मध्ये राजमाता जिजाऊ माता-बाल आरोग्य व पोषण मिशन सुरू झाले. सरकारी आकडे कमी का येत होते, याचे उत्तर मात्र कटकारस्थानात शोधण्याची गरज नव्हती. ज्या आरोग्यसेविकेच्या भागात मृत्यू जास्त दिसतील तिलाच बैठकीत उभे करून जाब विचारला जात असेल, तर मृत्यू कागदावर येत नाहीत; माझ्या अन्वेषकाच्या गठ्ठ्यातलेच गणित इथे मोठ्या प्रमाणावर चालू होते.

घरोघरच्या नवजात सेवेची पद्धत २०११ मध्ये केंद्र सरकारने देशभरासाठी स्वीकारली आणि ती आशा कार्यकर्तीच्या हाती सोपवली. बाळंतपण घरी झाले असेल तर सात आणि दवाखान्यात झाले असेल तर सहा भेटी, बेचाळीस दिवसांच्या आत. गडचिरोलीच्या सात चिन्हांपैकी बहुतेक आशाताईंच्या फॉर्मवर आली. रडणे मंद किंवा बंद, दूध पिणे कमी किंवा बंद, असे रकाने त्यात आहेत. इंजेक्शन मात्र आशाला मिळाले नाही. ठरावीक परिस्थितीत जेंटामायसिन देण्याची मुभा २०१४ मध्ये एएनएमला, म्हणजे सहायक परिचारिका-प्रसाविकेला, देण्यात आली. एएनएम उपकेंद्राची असते आणि तिच्याकडे अनेक गावे असतात, त्यामुळे गावातच उपलब्ध असणे हा जो मूळ पद्धतीचा कणा होता तो इथे वाकला.

देखरेखीचेही तसेच झाले. सर्चचा पर्यवेक्षक दर पंधरवड्याला येई आणि बाळाच्या नोंदीच पाहायला येई. महाराष्ट्रात आशांवर गटप्रवर्तक असतात; एकेका गटप्रवर्तकाकडे देखरेखीसाठी साधारण वीस आशा येतात, आणि त्यांच्याकडे लसीकरण, क्षयरोग, कुष्ठरोग, हिवताप, नाना सर्वेक्षणे आणि मोबाइलवर भरायची माहिती असा सगळाच संसार असतो. मानधनासाठी आशा आणि गटप्रवर्तकांनी राज्यात वेळोवेळी संप केले, २०२३ च्या अखेरीसही केला. त्यांच्या मागण्यांत पैशाबरोबर कामाच्या वाढत्या यादीची तक्रार ठळकपणे होती. पद्धत तीच, फॉर्म तोच, पण फॉर्म भरणाऱ्या बाईचा दिवस तो राहिला नाही.

एक तरतूद मात्र मी वर्गात फळ्यावर लिहून ठेवतो. २०११ च्या मार्गदर्शक सूचनांप्रमाणे या सगळ्या भेटींचे आशाला २५० रुपये मिळायचे होते, आणि त्यासाठी काही अटी होत्या. बाळाचे वजन कार्डावर लिहिलेले असावे, ठरलेल्या लसी दिलेल्या असाव्यात, जन्माची नोंद झालेली असावी. आणि शेवटची अट अशी की, बेचाळिसाव्या दिवशी आई आणि बाळ दोघेही सुखरूप असावेत.

विद्यार्थी बहुधा पहिल्या तीन अटींवर बराच वेळ चर्चा करतात. कार्ड हरवले तर काय, लस तुटवड्यामुळे मिळाली नाही तर आशाचा काय दोष, असे बरे मुद्दे निघतात. मग कुणीतरी चौथी अट पुन्हा मोठ्याने वाचते, आणि गडचिरोलीत दोन वेगळ्या माणसांकडे दिलेली कामे इथे एकाच बाईच्या एकाच फॉर्मवर कशी येऊन बसली आहेत, हे त्याच्या लक्षात येते. सहा वेळा घरी गेलेली आणि चाळिसाव्या दिवशी ज्या घरातून बाळाला मातीला न्यावे लागले त्या घराच्या अंगणात उभी असलेली आशा त्या रकान्यात काय लिहील, हा प्रश्न मी त्या दिवशीच्या तासाला तसाच सोडतो आणि घरी लिहून आणायला सांगतो.